गुरगुऱ्या डोंगरावर गेला

थोरलीच्या नाकावर राग असायचा, असं तिला ओळखणारे म्हणत. पण नाक ही जागा त्या रागाला फारच अपुरी होती. तो तिच्या टाचांत होता, ती जिना चढायची तेव्हा वरच्या मजल्यावर ऐकू यायचा. तो तिच्या कोपरांत होता, ती ब्रश घासायची तेव्हा दिसायचा. ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सोळा वर्षं ती कपड्यांवरचे डाग काढत होती. पुढे काउंटरवर उभं राहायला मालकांनी तिला बंदी घातली होती, कारण तिथे आठवडाभरात तिनं तीन गिऱ्हाइकं कायमची तोडली होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "कोटावर चहा सांडलाय." ही कोट नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "चहा नाही, रक्त आहे. आणि तुम्ही ते गरम पाण्यानं धुतलंय. आता आयुष्यभर मिरवा." मालक कपाळाला हात लावायचे. पण डाग निघणार की नाही, हे ते शेवटी मागच्या खोलीत येऊन तिलाच विचारायचे. ही बाई खोटं सांगत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मालकांचं चुकत होतं. थोरलीनं आयुष्यात एक मोठं खोटं सांगितलं होतं आणि ते बावीस वर्षं निगुतीनं सांभाळलं होतं. ते तिनं सांगितलं होतं सख्ख्या भावाला, आणि तेसुद्धा एका कार्टूनमधल्या जनावराबद्दल. हसू नका, आधी सगळं ऐका.

धाकटा तिच्याहून सात वर्षांनी लहान. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. वर्षभर तो अंधशाळेच्या वसतिगृहात असायचा आणि सुट्टीत घरी यायचा. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवणारे. त्यामुळे सुट्टीत धाकट्याला सांभाळायचं काम थोरलीकडे, आणि सांभाळायचं म्हणजे मुख्यतः टीव्ही सांगायचा. त्या काळी 'वाऱ्याची राखण' नावाची एक मालिका लागायची. एका राजानं सगळे वारे बरण्यांत कोंडून ठेवलेले असतात, आणि फुंकर नावाची एक अनाथ पोर ते एकेक करून सोडवते, अशी गोष्ट. तिच्यासोबत गुरगुऱ्या. अस्वलाएवढा, केसाळ, डोक्यावर दोन शिंगं. त्याला बोलता यायचं नाही, तो नुसता गुरगुरायचा. रागात वेगळं, भुकेत वेगळं, झोपेत आणखी वेगळं. धाकट्याचा जीव त्याच्यावर जडला होता, आणि त्याचं कारण सरळ होतं. बाकीचे कुठे उभे आहेत, काय करताहेत, हे ताईनं सांगितलं तरच कळायचं. गुरगुऱ्याचं मात्र कुणी सांगायची गरज नसे.

थोरली सांगायची मात्र अशी, की ऐकणाऱ्यानं ऐकत राहावं. दोन संवादांच्या मधल्या फटीत वाक्य बसवायचं, एक शब्द जास्तीचा नाही. "फुंकर घाबरली," असं म्हणायचं नाही; "फुंकरनं अंगठा मुठीत दाबला," असं म्हणायचं, म्हणजे धाकटा स्वतःचा अंगठा मुठीत दाबून बघायचा आणि त्याला कळायचं. तो तिचं मनगट धरून बसायचा. पडद्यावरची जागा बदलली की ती मनगट हलकेच वळवायची, मग त्याला समजायचं की आता आपण राजवाड्यात नाही, बाहेर आलो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीनं आपल्या आपण बसवलेलं ते शास्त्र होतं, आणि त्यात ती कुणाचं ऐकून घेत नसे. आई मधेच काही बोलली तर तिच्यावरसुद्धा खेकसायची.

मालिकेचा शेवटचा भाग लागला तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तो नऊ. त्याच वर्षी आई गेली होती. धाकटा तेव्हा वसतिगृहात होता. त्याला घरी आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, त्यांच्याकडे राहायला आली होती. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. अशा दिवसांत शेवटचा भाग लागला. राजाचं सैन्य खिंडीत चालून येतं, गुरगुऱ्या खिंड अडवून उभा राहतो, वाऱ्यांना निसटून जायला वेळ मिळतो. आणि मग सगळा आवाज थांबतो. ज्यांनी कुणी ती मालिका बनवली त्यांना काम येत होतं. त्यांनी तिथे संगीतसुद्धा ठेवलं नव्हतं. नुसतं बर्फ पडत होतं. गुरगुऱ्याचं डोकं फुंकरच्या मांडीवर, आणि त्याच्या नाकातली वाफ आधी मोठी, मग लहान, मग नाही.

"ताई, तो गुरगुरत का नाहीये?" धाकट्यानं विचारलं. त्याची बोटं तिच्या मनगटावर घट्ट झाली होती.

थोरलीनं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तो चाललाय," ती म्हणाली. "डोंगरावर. त्याचं काम झालं ना. लांब गेलाय, म्हणून ऐकू येत नाही. आता वळून बघतोय."

"फुंकर रडतेय?"

"रडतेय. तो चाललाय म्हणून."

"येईल परत," धाकटा म्हणाला आणि त्यानं मनगट सोडलं.

बस, एवढंच. चार-पाच वाक्यं. दुसऱ्या दिवशी ती ते सरळ करणार होती, तिसऱ्या दिवशी करणार होती, मग सुट्टी संपली. धाकटा वसतिगृहात गेला आणि त्यानं जेवणघरात बसून अख्ख्या वर्गाला शेवट सांगितला. ताईसारखाच, फटीत वाक्यं बसवत. अकरा पोरं. त्या अकरांना तोच शेवट ठाऊक. पुढे त्यांच्यातला एक वकील झाला, एक पियानो जुळवणारा, एकीनं भाषांतराचं ऑफिस काढलं, पण गुरगुऱ्या सगळ्यांचा डोंगरावरच. कुणी नोकरी सोडली, कुणी परदेशी गेलं की त्यांच्यात म्हणायची पद्धत पडली होती, "गेला डोंगरावर." पियानोवाल्याच्या लग्नात ती सगळी थोरलीभोवती गोळा झाली आणि म्हणाली, "ताई, आमचं बालपण आमच्यासाठी तुम्ही पाहिलंत." थोरली तिथून उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

धाकटा मोठा झाला, वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात लागला. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या आणि गोड बोलायचं. घरातला सगळा गोडवा त्याच्याच वाट्याला आला होता. एकदा ऑफिसात कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, "तो शिंगवाला शेवटी मरतो ना?" आणि हा गोड माणूस चक्क भांडला. "मरत नाही. डोंगरावर जातो. तुम्ही नीट पाहिलं नसेल, माझ्या ताईनं पाहिलंय." डोळसांनी ऐकून घेतलं. तो किस्सा त्यानं तिला हौसेनं सांगितला. तिनं काय करावं? "लोक काय, काहीही बघतात," ती म्हणाली. म्हणजे खोटं एकदाच सांगितलं होतं असंही नाही. त्याला अधूनमधून पाणी घालावं लागत होतं.

आणि मग बावीस वर्षांनी त्या मालिकेचं नवं पर्व आलं. कुणी मागितलं होतं?

धाकटा दर शनिवारी दुपारी तिच्याकडे यायचा. शनिवारी दुकान अर्धा दिवस असायचं. त्या शनिवारी तो दारातूनच नाचत आला. "ताई, आठ भाग! आणि वर्णनाचा ट्रॅक आहे. एक माणूस सगळं सांगतो, पडद्यावर काय चाललंय ते. जुन्या भागांनाही जोडलाय म्हणे. तू या खेपेला नुसती बस, चहा पी."

"मी नुसती बसू?" थोरली म्हणाली.

"आयुष्यभर सांगितलंस. दमली असशील."

ती दमली वगैरे काही नव्हती, तिला फक्त त्या माणसाचा गळा दाबायचा होता. गुळगुळीत आवाजाचा तो माणूस सांगत होता, "फुंकर उभी आहे. ती खिडकीकडे बघते." "बघते म्हणजे कशी बघते?" थोरली टीव्हीवर ओरडली. "मेल्या, कशी बघते ते सांग ना! हनुवटी वर आहे, ओठ आत घेतलेत, ते कोण सांगणार, तुझा आजा?" धाकटा हसून लोळत होता.

पण तिचा राग काही एकट्या त्या माणसावर नव्हता. फुंकर आता पस्तिशीची बाई झाली होती आणि एखाद्या मुख्याध्यापिकेसारखी सतत बोलत होती. "मला भीती वाटते आहे." "मी आतून तुटले आहे." अगं, तुटली आहेस तर तूट की! सांगतेस काय? सोबत पाच नवी पोरं, प्रत्येकाचं एक पाळीव जनावर आणि प्रत्येकाचं एक दुःख, आणि पाचही दुःखं ओळीनं एकामागून एक सांगितलेली. जुन्या मालिकेत वारे कुठून येतात हे कुणालाच माहीत नसायचं, तीच तर गंमत होती. इथे एका म्हाताऱ्या पंडितानं फळ्यावर आकृती काढून सहा मिनिटं ते समजावून सांगितलं. सहा! थोरलीनं घड्याळ लावून मोजली. दुसऱ्या भागात मात्र एक बंदर होतं, हजारो शिडं एकदम फुगली, आणि तेवढा वेळ ती रागवायचं विसरली. एका विनोदाला तिला हसू आलं, ते तिनं खोकून दडवलं. म्हणजे अगदीच टाकाऊ होती असं नाही. त्याचाच तर जास्त संताप. ज्यांना ते बंदर काढता येतं त्यांनी तो फळा का काढावा?

"मला आवडली," तिसरा भाग संपल्यावर धाकटा म्हणाला.

"तुला आवडली? अरे, सगळं तोंडानं बोलून दाखवतात! गोष्ट अशी सांगतात होय? लहान मुलाला घास भरवल्यासारखी?"

"ताई," धाकटा नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "आधीच्या मालिकेत अर्धी गोष्ट चित्रात होती. म्हणजे तुझ्याकडे होती. या वेळी ती माणसं मला थेट सांगताहेत. तुला तो घास भरवणं वाटतं. मला पहिल्यांदाच ताट मिळाल्यासारखं वाटतं."

वाद अंगाशी आला की थोरली भांडी आपटायची. तिनं ती आपटली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दुकानातला इस्त्रीवाला डबा उघडता उघडता म्हणाला, "बाई, ते वाऱ्याचं नवं पर्व बघताय का? आमच्या पोरीनं एका बैठकीत संपवलं. चौथ्या भागात फुंकर त्या शिंगवाल्याच्या थडग्याशी जाते. मी एवढा घोडा झालोय, पण डोळे भरून आले."

थोरलीच्या हातातला घास तसाच राहिला. "थडग्याशी?"

"खिंडीत. जिथे तो मेला तिथेच पुरलाय ना त्याला."

दुपारभर तिनं कामात माती खाल्ली. एका रेशमी झग्यावर नको ते द्रावण ओतलं आणि जिथे लहानसा डाग होता तिथे तळहाताएवढा पांढरा ठिपका पडला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मालक बघायला आले, तर त्यांच्यावरच ओरडली. तिची भीती रागाच्या रूपानं बाहेर पडत होती, कारण दुसरं कुठलं रूप तिला येतच नव्हतं. राग कुणावर? त्या मालिकावाल्यांवर. बावीस वर्षं मेलेलं जनावर गुमान पडलं होतं, ते यांना उकरून काढायचं होतं! सगळं संपलेलं असताना पुन्हा दुकान उघडायचं होतं! असं ती तीन दिवस स्वतःशी भांडत होती. शनिवारपर्यंत दोनच वाटा होत्या: त्याला खरं सांगायचं, नाहीतर त्याला तो भाग बघू द्यायचा नाही. खरं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण थोरलीनं दुसरी वाट धरली.

शनिवारी धाकटा आला, बूट काढले, सोफ्यावर आपल्या जागी बसला.

"आज नको ती मालिका," ती म्हणाली. "भिकार आहे. मी विचार केला त्यावर. जुन्याची अब्रू घालवतायत. आपण आठवणीत आहे ते चांगलं ठेवू."

"तू नको बघूस. मी ऐकतो."

"माझ्या घरात नाही."

"मग माझ्या घरी ऐकतो. ताई, तुला झालंय काय?"

"मला काही झालेलं नाही! त्या माणसाचा आवाज मला सहन होत नाही. दगडासारखा बोलतो. त्याला काही दिसतच नाही!"

धाकट्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्यासारखं आलं, आणि त्याला जे उमजलं ते चूक होतं. "तुला वाईट वाटलं," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी तुला नुसती बस म्हणालो, ते लागलं तुला. चुकलं माझं. चल, त्या माणसाला आज सुट्टी. तू सांग. पूर्वीसारखं." आणि त्यानं हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

इथे थोरलीला कुणीतरी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. पण घरात तिसरं माणूस नव्हतं, आणि तिनं टीव्ही लावला.

ती सुंदर सांगत होती, हेच त्यातलं वाईट. तीन दिवसांची भीती आणि बावीस वर्षांची सवय मिळून तिची वाक्यं फटीत अशी बसत होती की धाकटा मधूनच सुखानं मान डोलवत होता. पोरं डोंगर चढली, तिनं मनगट वळवलं. खिंड आली. बर्फ. आवाज थांबला. पडद्यावर एक मोठा दगड होता, त्यावर दोन शिंगं आडवी ठेवलेली, एक टोकाला तुटलेलं. फुंकर गुडघ्यावर बसली होती.

"काय आहे?" धाकट्यानं विचारलं.

"खिंड. बर्फ. एक दगड आहे."

"नुसता दगड?"

"नुसता दगड," थोरली म्हणाली.

जुनी फुंकर असती तर तिथे गप्प बसली असती. पण ही नवी. हिला मनातलं बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि शब्द न् शब्द स्पष्ट म्हणाली, "बावीस वर्षं झाली, गुरगुऱ्या. माझ्या मांडीवर तुझा श्वास थांबला, आणि याच दगडाखाली मी तुला माझ्या हातांनी ठेवलं."

थोरलीच्या मनगटावरची बोटं सुटली. सावकाश, एकेक.

"मागे घे," धाकटा म्हणाला.

"अरे, ते बावळट लोक आहेत, त्यांनी जुनी गोष्टच बदलून टाकली..."

"रिमोट दे."

त्यानं स्वतः मागे घेतलं. स्वतः ट्रॅक लावला. गुळगुळीत आवाजाचा माणूस म्हणाला, "खिंडीत एक थडगं. त्यावर गुरगुऱ्याची शिंगं." मग त्यानं जुन्या मालिकेचा शेवटचा भाग शोधून काढला. एवढा वेळ त्याचा चेहरा तिच्याकडे नव्हता. खिंड आली, आवाज थांबला. "बर्फ पडतं," तो माणूस म्हणाला. "गुरगुऱ्याचं डोकं फुंकरच्या मांडीवर. त्याचा श्वास थांबतो." कशी वाफ, किती लहान, काही नाही. तरी तेवढं पुरलं.

"नऊ वर्षांचा होतास तू!" थोरली उसळली. आता तिला राग आला होता आणि तो तिला बरा वाटत होता. "आई जाऊन चार महिने झाले होते. तू माझा हात धरून बसला होतास. काय सांगणार होते मी तुला? मेला म्हणून? तुझ्यासाठी केलं मी ते!"

"मी आता एकतीस वर्षांचा आहे."

"मग काय झालं? एक कार्टून आहे ते! एक जनावर!"

"मी ऑफिसात भांडलो," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्यातला सगळा गोडवा कुणी काढून घेतला होता. "चार डोळस माणसांना मी सांगितलं की तुम्हाला नीट दिसलं नाही. तुझ्या जिवावर. ते माझ्यावर हसले असतील, ताई. मग त्यांना कीव आली असेल. आणि शाळेतली अकरा जणं? त्यांना मी काय सांगू? आणि बावीस वर्षांपूर्वीचं सोड. आत्ता. आत्ता पाच मिनिटांपूर्वी तू म्हणालीस, नुसता दगड."

थोरलीनं टीव्ही बंद केला.

"आणखी काय काय बदललंस?"

"काही नाही. शपथ."

"बाबा बोटीवरून हात हलवायचे म्हणायचीस. हलवायचे का खरंच? की तुला मला बरं वाटायला हवं होतं? माझ्या खोलीची भिंत कुठल्या रंगाची आहे? पियानोवाल्याच्या लग्नात ती मुलगी माझ्याकडे बघून हसली म्हणालीस, ती हसली होती का?"

"हसली होती! सगळं खरं आहे, सगळं! तेवढं एकच..."

"आई झोपेत गेली म्हणालीस."

थोरली उठून उभी राहिली.

"तू सांगितलंस, दुपारी झोपली ती उठलीच नाही. काही त्रास झाला नाही. तू शेजारी बसली होतीस. मी त्याच्यावर इतकी वर्षं काढली, ताई. आई म्हटलं की मला तेवढंच दिसतं."

"ते खरं आहे," थोरली म्हणाली. "देवाशपथ खरं आहे."

आणि ते खरंच होतं. आई दुपारी झोपली होती, थोरली शेजारी शाळेचा अभ्यास करत बसली होती, आणि तासाभरानं तिनं वर पाहिलं तेव्हा आई गेलेली होती, गालाखाली हात तसाच. त्यात कणभर भर नव्हती. पण थोरलीनं ते ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं 'नुसता दगड' सांगितलं होतं, आणि धाकट्याला दोन्हींत फरक ऐकू येत नव्हता.

"गुरगुऱ्या डोंगरावर गेला, तेही तू असंच म्हणाली होतीस," तो म्हणाला. "असाच आवाज होता."

त्यानं खिशातून फोन काढला आणि मावशीला लाव म्हणून फोनला सांगितलं. घंटी वाजायला लागली. तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायचा, त्यामुळे सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

"काय करतोयस? तिला कशाला त्रास देतोस?" थोरली ओरडली. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" हे तोंडातून निघालं आणि मग तिला स्वतःलाच ऐकवेना.

"बोल रे बाळा," पलीकडून मावशी म्हणाली. तिच्या घरात कुठेतरी नळ वाहत होता.

"मावशी, आई गेली तेव्हा तू पोचली होतीस ना लगेच? कशी गेली ती?"

"अरे, आज हे काय एकदम?" नळ बंद झाला. "झोपेत गेली रे. दुपारी झोपली, ती उठलीच नाही. चेहरा अगदी शांत होता. काही त्रास झाला नाही तिला. थोरली शेजारीच बसली होती."

थोरलीनं श्वास सोडला. झालं. शब्दाला शब्द तेच. तिनं धाकट्याकडे पाहिलं, आता हा हसेल, आता निदान रडेल.

धाकटा तसाच बसून होता. फोन त्यानं कानाच्या आणखी जवळ नेला.

"शब्दाला शब्द तेच सांगतेस, मावशी," तो म्हणाला. "हे असं सांगायचं, हे तुमचं दोघींचं तेव्हाच ठरलं होतं का?"